ड्रायव्हर सीटवरचे छप्पन्न किलो

पुष्पलता गेली त्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता मी भैयाजी बारापात्रे यांच्या फियाटखाली होतो. मोबाईल बोनेटवर ठेवला होता. तो वाजला तेव्हा हात ग्रीसचे होते, म्हणून आधी हात पुसले. फोन अभिजीतचा होता. अभिजीत माझा मुलगा, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. चार दिवस सुट्टी घेऊन तो धंतोलीच्या दवाखान्यात आईजवळ बसला होता.

"बाबा, या," तो म्हणाला.

"काही आणायचं आहे का?" मी विचारलं. रोज काही ना काही न्यायचं असे. चादर, थर्मास, तिचा चष्मा.

"नाही. काही नाही आणायचं."

त्यावरून मला कळलं.

आदल्या दिवशी दुपारी तिनंच मला तिथून हाकललं होतं. नाकात नळी होती तरी तोंड चालू होतं. "तुम्ही इथं बसून काय करून राहिले? मले पाहून राहिले का मशीनले? जा, भैयाजींची गाडी करा." मी म्हटलं, तू नसताना कशी करू? तर म्हणाली, "गाडीले बायको नाई लागत, पाना लागते." बाजूच्या पलंगावरची बाई हसली. मीही हसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या फियाटचंच आहे.

माझं दुकान उमरेड रोडवर आहे, सक्करदऱ्याकडून दिघोरीकडे जाताना डाव्या हाताला. पाटीवर 'धकाते व्हील अलाइनमेंट' असं लिहिलं आहे. आम्ही कोष्टी. वडील तांडापेठेत मागावर लुगडी विणायचे. मला माग जमला नाही, पण सुताची नजर आली. गाडीच्या दोन्ही बाजूंनी सूत ताणून बांधायचं. चाकाच्या पुढच्या कडेपासून सूत किती लांब आणि मागच्या कडेपासून किती, ते मोजायचं. पुढची दोन्ही चाकं समोर किंचित एकमेकांकडे वळलेली असतात. ती किती वळली आहेत ते या मापातून निघतं. चाक वरच्या बाजूला आत कललं आहे की बाहेर, ते बुडबुड्याच्या गेजवर दिसतं. ते बदलायला पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या किंवा काढायच्या. माझं काम एवढंच आहे.

आता हे कॉम्प्युटर करतो. माझ्यापासून चार दुकानं सोडून भूपेशकडे तसं मशीन आहे. नव्या गाड्या त्याच्याकडे जातात. जुन्या गाड्या तोच माझ्याकडे पाठवतो. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, सुरुवातीच्या मारुती. कारण त्यांचे आकडे माझ्या वहीत आहेत.

या गाड्यांच्या पुस्तकांतही आकडे असायचे, पण ते त्या काळच्या टायरचे. पुढे रेडियल टायर आले आणि त्या आकड्यांवर गाडी नीट चालेना. शिवाय एखाद्या पुस्तकात लिहिलेलं असे की गाडीत माणसं बसवून मोजा. मी दर वेळी चार माणसं कुठून आणू? म्हणून मी रिकाम्या गाडीचे माझे आकडे काढले. चाकं लावायची, गाडी रस्त्यावर न्यायची, स्टिअरिंगवरचे हात सोडून पाहायचं, परत आणायची, पुन्हा लावायची. सरळ धावली की ते आकडे वहीत उतरवायचे. उतरवायची पुष्पलता, कारण माझं अक्षर मलाच वाचता येत नाही. प्रत्येक पानावर ती गाडी, मालक, तारीख आणि टायर लिहायची. त्याखाली 'गाडी रिकामी' असं लिहून रेघ मारायची. मग आकडे. एका गाडीला एक पान, अशी बत्तीस पानं आहेत.

मोजताना कुणीतरी ब्रेक दाबून ठेवावा लागतो आणि स्टिअरिंग सरळ धरावं लागतं. सुरुवातीला माझ्याकडे माणूस नव्हता. ती दुपारी डबा घेऊन यायची, तीच बसायची. वही स्टिअरिंगवर, मांडीवर गवारीच्या शेंगांची पिशवी. "मी बसली. बोला." मी खालून आकडा सांगायचा, ती लिहायची, आणि मधल्या वेळात कुणाच्या मुलीचं कुठं जमलं ते मला ऐकवायची. एकतीस वर्षं ती अशी शेकडो वेळा गाड्यांच्या ड्रायव्हर सीटवर बसली. गाडी चालवायला मात्र शिकली नाही. मी म्हणायचो शीक, तर म्हणायची, "मले बसता येते, तेवढं पुरे."

तर ती फियाट तेरा दिवस दुकानात तशीच उभी राहिली. भैयाजी घाटावर आले होते, तेरवीला आले होते, पण गाडीचा शब्द काढला नाही. चौदाव्या दिवशी, मंगळवारी, मी शटर उघडलं तर ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेले. ऐंशीला आलेला माणूस, अंगानं काडी, डोक्यावर पांढरी टोपी. गांधीबागेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. माझ्या वडिलांची लुगडी त्यांच्या वडिलांकडे विकायला जायची.

"कवडू, मी घाई नाई करत गा," ते म्हणाले.

"मग इथं काहून बसले सकाळपासून?"

"रोशन घाई करून राहिला."

रोशन त्यांचा धाकटा मुलगा. दुकान आता तोच पाहतो. ही फियाट भैयाजींनी शहाऐंशी साली घेतली. अठ्ठ्याण्णव साली तिला रेडियल टायर लावले तेव्हा मी तिची चाकं सरळ केली होती. वहीतलं फियाटचं पान त्याच दिवसाचं आहे. पुढे घरात दुसरी गाडी आली आणि ही गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांमागे गेली. गेल्या वर्षी गोदाम रिकामं केलं तेव्हा ती बाहेर निघाली. भैयाजींनी हौसेनं तिचं इंजिन करून घेतलं, नवे टायर घातले आणि पुन्हा चालवायला लागले. पण ती डावीकडे खेचायची.

"मी म्हणतो गाडी खेचते," भैयाजी म्हणाले. "रोशन म्हणते, बाबूजी, गाडी नाई, तुमचे हात खेचून राहिले. आता येत्या रविवारी तो माझ्यासंग येणार. दिघोरी नाक्यापासून विहीरगावापर्यंत. गाडी सरळ चालली तर माझी. नाई चालली तर कामठीचा एक माणूस सोमवारी घेऊन जाणार. गिऱ्हाईक पाहून ठेवलं त्यानं."

"आणि तुम्ही?"

"मी मंग रोशनच्या मागच्या सीटवर. एसीत. पोत्यासारखा."

मी म्हटलं, रविवारला पाच दिवस आहेत, माझ्या वहीत पान आहे, काळजी करू नका.

सीटवर बसायला कुणी नव्हतं, म्हणून मी भूपेशकडून दोन वस्तू आणल्या. एक काठी ब्रेक दाबून ठेवते, दुसरी स्टिअरिंग धरून ठेवते. त्याच्याकडे नव्या मशीनबरोबर आल्या होत्या. पुष्पलता दवाखान्यात होती तेव्हाही मी त्याच आणल्या होत्या. काम निवांत झालं. बोलणारं कुणी नव्हतं. वहीतले आकडे वाचले, तेवढेच लावले, दोनदा मोजले.

दुपारी मी आणि भैयाजी गाडी घेऊन निघालो. भैयाजी चालवत होते, मी मागे बसलो होतो. दिघोरी नाका मागे पडल्यावर मी म्हटलं, "सोडा हात." त्यांनी हात सोडले. गाडी रस्त्याकडेचे चार खांब ओलांडेपर्यंत सरळ गेली आणि मग डावीकडे निघाली. समोर एक म्हैस होती. भैयाजींनी स्टिअरिंग धरलं आणि म्हणाले, "पाहिलं? आता म्हशीनंबी पाहिलं."

बुधवारी पुन्हा लावली. पुन्हा डावीकडे. टायरची हवा पाहिली, पुढचे टायर या बाजूचे त्या बाजूला केले, ब्रेक धरून राहतो का पाहिलं. सगळं ठीक होतं. चाकं वहीप्रमाणे होती आणि गाडी डावीकडे.

गुरुवारी ती भूपेशच्या मशीनवर नेली. भूपेश मला काका म्हणतो. त्याच्या मशीनच्या यादीत ही गाडी नव्हती, पण चाकं कशी आहेत ते त्यानं मोजून दिलं. पडद्यावरचे आकडे आणि वहीतले आकडे तंतोतंत तेच.

"काका, तुमचा हात एकदम बरोबर आहे," तो म्हणाला. "सुतानं एवढं? मशीनले लाज वाटली पाहिजे."

"मग खेचते काहून?"

भूपेशनं माझी वही हातात घेतली. "रागवू नका. वहीतलाच आकडा चुकला असंल. लिहिताना इकडचं तिकडं होते."

मी रागावलो नाही, पण त्याच्याकडे चहा घेतला नाही. माझा हात चुकला असता तर मी मान्य केलं असतं. बासष्टचा आहे, डोळ्यांना चष्मा आहे. पण वही चुकली म्हणायला जीव धजेना. ती आकडा लिहायच्या आधी दोनदा विचारायची आणि लिहिल्यावर एकदा वाचून दाखवायची. एका गाडीच्या वेळी तर मी कंटाळून म्हटलं होतं, अगं लिही ना. तर ती म्हणाली, "तुमचं काय जाते? गाडी वाकडी चालली तर लोक म्हणतील धकातेबाई अंगूठाछाप आहे."

शुक्रवारी मी दुकान उघडलंच नाही. माझी मोठी बहीण इंदूबाई तेरवीनंतर सव्वा महिना राहायला आली आहे. तिनं मला आडवं पडलेलं पाहिलं आणि विचारलं, "काहून गा? ताप आहे का?"

"नाही."

"मंग उठ. मी पोळ्या करून राहिली, तू दारात बस. पडलेला माणूस मले आवडत नाई."

दारात बसून मी ठरवलं की भैयाजींना फोन करून सांगावं, माझ्याच्यानं होत नाही. फोन हातात घेतला. पण म्हटलं, एक दिवस आहे अजून.

शनिवारी सकाळी पुन्हा सूत बांधलं. उजव्या चाकाला बुडबुड्याचा गेज लावला. बुडबुडा रेघेवर होता, वहीप्रमाणे. तेवढ्यात भैयाजी रिक्षानं आले, मला न विचारता फियाटचं दार उघडलं, भूपेशच्या काठ्या बाजूला केल्या आणि ड्रायव्हर सीटवर जाऊन बसले.

"भैयाजी, उतरा. मोजून राहिलो मी."

"नाई उतरत."

"अहो, काम आहे."

"उद्या रोशन उतरवते मले. आज तरी बसू दे. अडतीस वर्षं झाली गाडीले, मी काय तिच्यावर उपकार मागून राहिलो का?"

मी त्यांना आणखी काही बोलणार, तर माझी नजर गेजवर गेली. बुडबुडा रेघेवर नव्हता. केसभर सरकला होता.

"उतरा," मी म्हटलं.

"सांगितलं ना, नाई."

"एकदा उतरा. मग दिवसभर बसा."

कुरकुरत ते उतरले. बुडबुडा रेघेवर आला.

"आता बसा."

ते बसले. बुडबुडा सरकला. सुताजवळ पट्टी धरली, तिथलंही माप बदललं होतं. मी त्यांना चार वेळा उतरवलं आणि चार वेळा बसवलं. पाचव्यांदा ते म्हणाले, "कवडू, मी काय सर्कशीत आहे का बे? गुडघे गेले माझे."

मी वही उघडली. फियाट, मालक भैयाजी बारापात्रे, अठ्ठ्याण्णव साल, रेडियल टायर. त्याखाली तिच्या अक्षरात, गाडी रिकामी.

ते तिनं सीटवर बसून लिहिलं होतं.

मी आत वाकून पाहायचो, मागच्या सीटवर काही सामान आहे का. डिकी पाहायचो. एकदा तर कुणाचा तांदळाचा कट्टा काढून ठेवला होता. मग तिला म्हणायचो, लिही, गाडी रिकामी. ती स्टिअरिंगवर वही टेकवून लिहायची, गाडी रिकामी. मी तिला वजनात धरलं नाही आणि तिनंही स्वतःला धरलं नाही. एकतीस वर्षं, बत्तीस पानं. वहीत एकही आकडा चुकलेला नव्हता. फक्त तो रिकाम्या गाडीचा नव्हता. आणि मी या आठवड्यात तीन वेळा तो रिकाम्या गाडीला लावला होता. चालवायला माणूस बसला की उजवी बाजू आणखी दबते, आणि सगळं बिघडतं.

मी जमिनीवर बसलो आणि हसायला लागलो. ती गेल्यापासून हसलो नव्हतो. भैयाजी घाबरले. त्यांना वाटलं, माझं काही झालं. त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली, "पाणी आण गा लवकर!"

त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऐकून त्यांनी टपरीवाल्यानं आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मग म्हणाले, "मंग सोपं आहे. तिच्याएवढं वजन ठेव सीटवर आणि लाव तुझे आकडे."

"हो."

"किती होतं पुष्पलताबाईचं वजन?"

इथं अडलं. दवाखान्याच्या फाईलमध्ये एकाहत्तर किलो लिहिलं होतं. पण ते आत्ताचं. अठ्ठ्याण्णव साली ती अगदी बारीक होती. तिनं स्वतःचं वजन मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, हिंमत नव्हती.

एक वाजता इंदूबाई डबा घेऊन आली. आम्ही दोघं फियाटसमोर स्टुलावर बसून तिच्याकडे असे पाहायला लागलो की ती दारातच थांबली.

"काय झालं? काय केलं तुम्ही?"

"इंदूबाई," मी म्हटलं, "अठ्ठ्याण्णव साली पुष्पलता किती किलोची होती?"

"वेडा झाला का तू?"

"सांग ना."

"मले कसं माहीत असंल? मी का काटा घेऊन फिरत होती तिच्यामागं?" मग तिनं डबा खाली ठेवला. "थांब. अठ्ठ्याण्णव म्हणजे अभिजीतले टायफॉइड झाला होता ते साल ना?"

"हो. पाच वर्षांचा होता."

"मंग माहीत आहे. चोपन्न."

भैयाजी म्हणाले, "एवढं पक्कं?"

"पक्कं म्हणजे? गूळ मी खाल्ला वर्षभर!"

मग मलाही आठवलं. अभिजीत तापातून उठला म्हणून माझ्या आईनं देवीला नवस बोलला होता, गुळानं तुला करण्याचा. पोराची केली तर चौदा-पंधरा किलोच गूळ लागला असता. आई म्हणाली, एवढ्यानं देवी काय म्हणेल, पोराच्या आईचीच करा. देवळात मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात पुष्पलता, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. तो गूळ मग साऱ्या सोयऱ्यांत वाटला.

"पाच ढेपा दहा-दहाच्या," इंदूबाई हातानं दाखवत होती. "तरी काटा हलेना. पुजारी म्हणे, अजून टाका. तुझा साळा म्हणे, अजून टाका. ती पारड्यात बसून लाल झाली होती रागानं. चार किलोचा खडा टाकला तेव्हा पारडं उचललं. घरी येताना मले म्हणे, वन्सं, आता उमरेडपर्यंत माझं वजन माहीत झालं."

"म्हणजे चोपन्न धरू," मी म्हटलं.

"नको धरू. तिनं आठ दिवस उपास केला होता."

"नवसाचा?"

"कशाचा नवसाचा! वजन कमी भरावं म्हणून. मले बोलली होती. दूध आणि केळं, बाकी काही नाई. कमीत कमी दोन किलो उतरली होती ती."

"फियाटचं पान दिवाळीनंतरचं आहे," मी वही पाहून म्हटलं. "गुळाची तुला कधी झाली होती?"

"नवरात्रात."

"दिवाळीत ते दोन किलो परत आले असतील," भैयाजी म्हणाले.

"नक्की आले असतील," इंदूबाई म्हणाली. "तिच्या हातची करंजी तिलेच लई आवडायची."

असे छप्पन्न किलो झाले. भैयाजी सत्तेचाळीस किलोचे, त्यांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. समोरच्या किराणा दुकानातून मी दहा किलोची गुळाची ढेप आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सत्तावन्न होते," भैयाजींनी हिशेब केला. "एक किलो जास्त."

"राहू द्या," इंदूबाई म्हणाली. "तिच्या मांडीवर भाजीची पिशवी असायची ना!"

ते मला सुचलं नव्हतं.

भैयाजींनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग धरलं. मी खाली गेलो. उजवीकडची एक चकती काढली, डावीकडे काही लागलं नाही, मग सूत पुन्हा ताणलं. काम पाऊण तासाचं, पण मध्ये मध्ये वरून आवाज यायचा.

"कवडू, मुंग्या चढून राहिल्या."

"हलू नका."

"टोपीत गेली एक."

"भैयाजी, हलले तर माप बिघडंल. पुष्पलता तीन-तीन तास हलत नव्हती."

"तिच्या मांडीवर गवार होती. माझ्या मांडीवर गूळ आहे!"

आकडे वहीप्रमाणे लागले. शनिवारी दुपारनंतर उमरेड रोडवर एवढी गर्दी असते की हात सोडून पाहायला जागा नाही. म्हणून न पाहताच गाडी झाकून ठेवली.

रविवारी सकाळी सात वाजता रोशन आला. पंचेचाळिशीचा, गोरापान, ब्याण्णव किलोचा. वजन त्यानंच सांगितलं, मी विचारल्यावर.

"काका, गाडीचं पाहाचं का माझं?"

"तू पुढं बसू नको. मागं बस, मधोमध."

"काहून?"

"तू बाजूला बसला की गाडी तुझ्याकडं झुकते."

"आता बाबूजींचे हात नाई, माझं पोट खेचते म्हणता का?"

"असंच समज," भैयाजी आतून म्हणाले.

इंदूबाईही आली होती. तिला नको म्हटलं तर म्हणाली, "वजन कोणी सांगितलं? मी. मंग मी काहून नाई येणार?" शेवटी मागे एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी इंदूबाई आणि मध्ये रोशन, गुडघे पोटाशी घेऊन. रोशन मध्ये होता आणि आम्ही दोघं भाऊबहीण सारख्याच अंगाचे, म्हणून मी काही म्हटलं नाही.

दिघोरी नाका गेला. रस्ता मोकळा होता. रोशननं घड्याळ पाहिलं, खिशातून मोबाईल काढून मांडीवर ठेवला. कामठीवाल्याचा नंबर त्यानं लावूनच ठेवला असावा.  मी रस्त्याकडेच्या खांबांवर नजर ठेवली.

"बाबूजी, सोडा," रोशन म्हणाला.

भैयाजींनी दोन्ही हात वर केले आणि टोपी काढली. टोपी झटकली. गाडी सरळ जात होती. त्यांनी टोपीची घडी नीट केली, आतून पाहिली, बहुतेक मुंगी पाहत होते. गाडी सरळ जात होती. मी खांब मोजत होतो, दहाच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. टोपी पुन्हा डोक्यावर घालून, आरशात पाहून नीट केल्यावर ते म्हणाले, "रोशन, सांग रे, आता काय करू? हात धुऊ का?"

"धरा, धरा! समोर ट्रॅक्टर आहे!"

भैयाजींनी दोन बोटांनी स्टिअरिंग धरलं, ट्रॅक्टरला जागा दिली आणि पुन्हा हात सोडले. विहीरगावापर्यंत त्यांनी असं सहा वेळा केलं. शेवटी रोशनलाच सहन होईना.

"बस करा न बाबूजी. पटलं मले."

"काय पटलं? नीट सांग. कवडूले ऐकू जाऊ दे."

"गाडी सरळ आहे."

"आणि हात?"

"हातबी सरळ आहेत."

विहीरगावला आम्ही उतरून पोहे खाल्ले. रोशननं बाजूला जाऊन कामठीला फोन केला. आम्हाला ऐकू आलं, तो म्हणत होता, "नाई भाऊ, देत नाई आता. म्हातारा ऐकत नाई." भैयाजींनी दुसरी प्लेट मागवली. डॉक्टरनं त्यांना पोहे खायला मनाई केली आहे. रोशननं तेही पाहिलं आणि दोन्ही प्लेटांचे पैसे देऊन टाकले.

परत येताना भैयाजींनी हात सोडले नाहीत. म्हणाले, "कवडू, पुष्पलताबाई असती तर मी तिले पुढच्या सीटवर बसवली असती."

"ती बसली नसती," इंदूबाई म्हणाली. "तिले ड्रायव्हर सीटच पाहिजे असायची."

भैयाजी गाडी घेऊन गेले. रविवार होता, तरी मी दुकानात थांबलो. वहीचं फियाटचं पान काढलं. 'गाडी रिकामी' खोडलं आणि बाजूला माझ्या अक्षरात लिहिलं, 'सीटवर पुष्पलता, ५६ किलो'. इंदूबाईनं वाचून पाहिलं आणि म्हणाली, हे कोणालाच वाचता येणार नाही. मग तिनं ते माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं.

सोमवारी भूपेशकडे जाऊन त्याच्या काठ्या परत केल्या आणि चहा घेतला. मंगळवारी एक अ‍ॅम्बेसेडर आली. तिचं पान दोन हजार पाच सालचं आहे. त्या साली कुणाला ताप आला नव्हता, नवस नव्हता, तुला नव्हती. इंदूबाई म्हणते की त्या साली तिनं पुष्पलताच्या ब्लाऊजची शिवण दोनदा उसवून दिली होती, म्हणजे साठच्या वर गेली असणार. पण साठच्या वर किती, ते इंदूबाईला सांगता येत नाही. अभिजीतला विचारलं, त्याला आठवत नाही. मालकाला मी आठ दिवस थांबायला सांगितलं आहे.

वहीत आणखी एकतीस गाड्या आहेत. त्यांच्या पानांवर तिचं वजन लिहायचं राहिलं आहे.